‘ओव्हर द ब्रश’, ‘लिव्हिंग टॅली’, ‘शॅक्ड अप’ : लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांसाठीची इंग्रजी बोलभाषा मराठीत कशी आणावी?

प्रश्न : कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार. एका भाषांतरात गेले पंधरा दिवस अडून बसले आहे, म्हणून जाणकारांची मदत मागत आहे.

माझी सून इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील, बर्न्लीजवळच्या एका लहान गावातील आहे. तिच्या आजींचा जन्म १९३१ चा. त्यांचे सारे आयुष्य कापडगिरण्यांच्या गावात गेले. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी आपल्या आठवणी एका जाड वहीत लिहायला घेतल्या आणि जाण्यापूर्वी ती वही माझ्या सुनेच्या हाती ठेवली. माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, परंतु नातसुनेच्या आजीने, म्हणजे आपल्याच बरोबरीच्या एका बाईने, काय लिहून ठेवले आहे ते आपल्याला वाचून दाखवावे असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून मी त्या वहीचे मराठी करीत आहे. गिरणीतील साचे, कोळशाच्या शेगड्या, युद्धकाळातील शिधापत्रिका हे सारे बऱ्यापैकी जमले. घोडे अडले ते एकाच पानावर.

त्या पानावर आजींनी आपल्या गल्लीतील चार घरांची हकीकत दिली आहे. चारही घरांत लग्न न लावता एकत्र राहणारी जोडपी होती आणि प्रत्येकासाठी त्यांनी वेगळा शब्दप्रयोग केला आहे. स्वतःच्या मावशीबद्दल त्या लिहितात की ती ‘ओव्हर द ब्रश’ राहत होती. कोळसा वाहणाऱ्या शेजाऱ्याबद्दल आणि त्याच्याबरोबरच्या बाईबद्दल त्या ‘लिव्हिंग टॅली’ असे म्हणतात. तिसऱ्या घरातील मुलीच्या दारात पाद्री आला आणि ‘लिव्हिंग इन सिन’ असे बोलून गेला. चौथ्या घरातील विधवा मात्र युद्धाच्या काळात ‘शॅक्ड अप विथ अ यँक’, म्हणजे एका अमेरिकन सैनिकाबरोबर राहत होती. शब्दकोशात ‘ब्रश’ पाहिला तर कुंचला आणि झाडू यांपलीकडे काही हाती लागत नाही. ‘पापात राहणे’ असे लिहिले तर ते मराठी वाटत नाही. ‘लिव्ह-इन’ हा आपल्याकडचा शब्द चारही ठिकाणी घातला तर चार घरांतील फरकच पुसला जातो.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. वहीच्या शेवटच्या पानांत माझा मुलगा आणि सून यांचाही उल्लेख आहे. लग्नाआधी ती दोघे दोन वर्षे मँचेस्टरला एकत्र राहत होती आणि आजींनी तिथे एवढेच लिहिले आहे की, २०१६ साली ‘दे मूव्ह्ड इन टुगेदर’. सासूबाईंना तेव्हा आम्ही मुलगा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो असे सांगितले होते. आता ते वाक्य मला त्यांच्यासमोर वाचायचे आहे. ते गाळणार नाही, कारण वही माझी नाही. परंतु ज्या स्वरात ते लिहिले गेले आहे त्याच स्वरात ते त्यांच्या कानी पडावे, चढा किंवा उतरता शब्द मी त्यात मिसळू नये, एवढी काळजी मला घ्यायची आहे.

प्रतिसाद : रंकाळ्यावरून

‘ओव्हर द ब्रश’साठी ‘गांधर्व विवाह’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. नाहीतर ‘पाट लावला होता’ असे म्हणता येईल. दोन्ही शब्द वाचकाला लगेच कळतील.

प्रतिसाद : पेनाइनच्या पायथ्याशी

ताई, मी अठ्ठावीस वर्षे हडर्सफील्ड परिसरात राहते आणि त्यांतील बहुतेक वर्षे घरोघरी जाऊन रुग्णसेवा करण्यात गेली आहेत. आपल्या सुनेचे गाव आणि आमचा भाग यांच्यामध्ये पेनाइनचे डोंगर आहेत, तरी ही बोली दोन्हीकडची आहे. आपल्या प्रश्नातील चारही शब्द मी वृद्धांच्या तोंडून ऐकले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ओव्हर द ब्रश’ हे इकडे ‘ओव्हर ट् ब्रश’ असे उच्चारतात. त्यातला ब्रश म्हणजे केरसुणी. केरसुणीवरून दोघांनी उडी मारली की झाले लग्न, अशी कल्पना त्यामागे असल्याचे सगळेच सांगतात. विवाहाच्या कायद्याचा इतिहास अभ्यासणाऱ्या रेबेका प्रोबर्ट यांचे म्हणणे मात्र वेगळे आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ‘ब्रूमस्टिक मॅरेज’ म्हणजे नुसते खोटे, नावापुरते लग्न असा अर्थ होता आणि प्रत्यक्ष उडी मारण्याची चाल त्यात मागाहून वाचली गेली, असे त्यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे भाषांतरात ‘झाडू ओलांडून लग्न केले’ असे लिहू नये. आपल्या आजींच्या मावशीने कोणताही झाडू ओलांडला नसणार. तिने संसार केला, एवढेच ते वाक्य सांगते.

त्या शब्दाचा स्वर कसा असतो ते एका प्रसंगाने सांगते. काही वर्षांपूर्वी नव्वदीच्या घरातील एका आजींच्या घरी पहिल्या भेटीचा अर्ज भरत होते. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, आणि कागदावर वैवाहिक स्थितीचे चौकोन : अविवाहित, विवाहित, एकत्र राहणारे, घटस्फोटित, विधवा. मी प्रश्न विचारला तेव्हा त्या चुलीवरच्या किटलीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “आम्ही ओव्हर ट् ब्रश होतो गं, एक्केचाळीस वर्षं. पण तिथं अविवाहित लिहू नकोस.” त्यांचा माणूस जाऊन सहा वर्षे झाली होती. ‘एकत्र राहणारे’ हा चौकोन आता लागू नव्हता, कारण घरात त्या एकट्याच होत्या. ‘विधवा’ हा चौकोन कायद्याने त्यांचा नव्हता. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले आणि शेवटी चौकोन सगळे मोकळे सोडून समासात त्यांचेच शब्द लिहिले. त्या दिवसापासून माझे ठाम मत झाले आहे की गल्लीतल्या बोलीजवळ या बाईसाठी शब्द होता आणि कागदाजवळ नव्हता.

या शब्दप्रयोगात हळू आवाजातील कुजबुज आहे, पण बहिष्कार नाही. असे का, हे समजण्यासाठी तेथील घटस्फोटाचा कायदा पाहावा लागतो. १९२३ पूर्वी पत्नीला केवळ पतीच्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, त्याच्या जोडीला आणखी काही अपराध सिद्ध करावा लागे. छळ, तीन वर्षांचा परित्याग आणि बरे न होणारे वेड ही कारणे १९३७ च्या कायद्याने आली आणि १९३८ पासून लागू झाली. परस्परसंमतीने वेगळे राहून घटस्फोट घेण्याची सोय तर १९७१ मध्ये झाली. शिवाय खर्च गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचा. पहिली बायको किंवा पहिला नवरा हयात आहे, पण कुठेतरी निघून गेला आहे, अशा माणसाला दुसरे लग्न करता येतच नसे. तो दुसऱ्या बाईबरोबर घर करी आणि गल्लीला कारण ठाऊक असे. मावशीच्या घरात असे काही होते का, ते सुनेला अवश्य विचारा. वाक्याचा अर्थ त्यावर ठरेल. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घरी जो भत्ता दिला जाई, तो अशा स्त्रियांनाही सैनिकाने त्यांचे घर चालवले असल्यास मिळाला आणि सरकारी भाषेत त्यांना ‘अनमॅरिड वाइफ’ म्हटले गेले. कागदाने एकदा तरी गल्लीचे ऐकले ते तेव्हा.

‘लिव्हिंग टॅली’ हा त्याच अर्थाचा उत्तर इंग्लंडमधील आणखी एक जुना शब्द. अशा बाईला ‘टॅली वाइफ’ किंवा ‘टॅली वुमन’ म्हणत. खाणकामगारांच्या आणि गिरण्यांच्या वस्त्यांत तो चालत असे, आता तो जवळजवळ मावळला आहे. स्वर थोडा रांगडा आहे. स्वतःच्या मावशीसाठी एक शब्द आणि कोळसावाल्यासाठी दुसरा, ही निवड आजींनी जाणूनबुजून केली असावी असे मला वाटते. घरच्या माणसासाठी मऊ शब्द, शेजाऱ्यासाठी जरा खडबडीत.

‘लिव्हिंग इन सिन’ कोण बोलतो यावर सगळे अवलंबून आहे. पाद्री म्हणाला तर तो निवाडा आहे. आज तेच शब्द इकडची मंडळी स्वतःबद्दल हसत हसत वापरतात, “आम्ही सहा वर्षं लिव्हिंग इन सिन होतो आणि मग पेन्शनसाठी लग्न केलं,” असे माझ्या एका सहकारी बाईंनी निवृत्तीच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितले होते. आपल्या वहीत मात्र बोलणारा पाद्री आहे, तेव्हा तिथे हसू आणू नका.

‘शॅक’ म्हणजे फळ्या ठोकून उभारलेली झोपडी, आणि ‘शॅक अप’ ही मूळ अमेरिकन बोली. बर्टनवुडसारखे अमेरिकन हवाई दलाचे मोठे तळ तेव्हाच्या लँकेशायर परगण्यातच होते, तेव्हा अमेरिकन शिपायासाठी आजींनी नेमका अमेरिकन शब्द उचलला हे मला फार नेमके वाटले. त्यात तात्पुरतेपणा आहे आणि थोडी हेटाळणीही आहे. मराठीत ‘मुक्काम ठोकणे’ किंवा ‘बिऱ्हाड करणे’ यांच्या आसपास तो अर्थ येतो.

जाता जाता दोन गोष्टी. स्कॉटलंडमध्ये अशा जोडीदाराला ‘बायडी-इन’ म्हणतात. ‘बाइड’ म्हणजे राहणे, म्हणून बायडी-इन म्हणजे घरात राहणारा किंवा राहणारी, आणि शब्द मायेचा आहे. दुसरे म्हणजे आपल्याकडचे नुसते ‘लिव्ह-इन’ हे नाम इकडे आपल्या अर्थाने सहसा कोणी घेत नाही. माझी भाची बंगळूरला लिव्ह-इनमध्ये आहे असे मी एकदा म्हणाले, तर समोरच्या परिचारिकेने मला विचारले की रात्रपाळी धरून तिला आठवड्याला किती तास भरावे लागतात. इकडे ‘लिव्ह-इन’ म्हटले की मालकाच्या घरी राहून काम करणारी सेविका डोळ्यांसमोर येते.

प्रतिसाद : काळा डगला (पुणे)

वरील प्रतिसाद वाचून फार समाधान वाटले. रंकाळ्यावरून यांच्या सूचनेशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही आणि ते जरा स्पष्टपणे मांडतो. गांधर्व विवाह हा स्मृतींनी सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांपैकी एक आहे, म्हणजे तो विवाह आहे. पाट हादेखील अनेक जातींत रूढीने मान्य असलेला पुनर्विवाह होता. त्याला जातीची संमती असे आणि पाटाची बायको ही बायकोच असे. ‘ओव्हर द ब्रश’ राहणाऱ्या जोडप्याची अडचण नेमकी ही होती की चर्च, नोंदणी कार्यालय आणि न्यायालय यांपैकी कोणीही त्यांचे लग्न झाले आहे असे मानत नव्हते. हे शब्द वापरले तर आपण त्यांना जे कधीच मिळाले नाही ते भाषांतरातून बहाल करू आणि त्यांच्या आयुष्यातील खरी कोंडी वाचकापासून लपवू.

याच कारणासाठी ‘कॉमन-लॉ वाइफ’ (लग्नावाचून केवळ सहवासाने पत्नी समजली जाणारी) या शब्दापासूनही जपून राहावे. वहीत तो पुढे कुठे आला तर ‘कायदेशीर पत्नी’ असे कृपया लिहू नये. १७५३ च्या लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये विधीपूर्वक लग्न आवश्यक झाले, आणि कितीही वर्षे एकत्र राहिले तरी तेवढ्याने पती-पत्नीचा दर्जा मिळत नाही. तरीही तेथील असंख्य लोक हा शब्द हक्क असल्याप्रमाणे वापरतात आणि जोडीदार मृत्युपत्र न करता गेला की त्यांना सत्य कळते. स्कॉटलंडमध्ये दीर्घ सहवास आणि लौकिक यांवरून विवाह मानण्याची जुनी तरतूद होती, ती २००६ च्या कायद्याने बंद झाली. अमेरिकेत मात्र टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा यांसारख्या काही राज्यांत असा विवाह आजही मान्य होतो. एकच शब्द, आणि अटलांटिक ओलांडला की त्याचे वजन बदलते.

आता मराठीबद्दल. आपल्या भाषेत या विषयाचे शब्द कमी नाहीत. रखेल, ठेवलेली बाई, अंगवस्त्र, पेशवाईतील नाटकशाळा. हे सारे शब्द एकदा शांतपणे वाचून पाहावेत. प्रत्येक शब्द बाईला नाव ठेवतो, पुरुषाला नाव ठेवणारा शब्द शोधूनही सापडत नाही. इंग्रजीतही ‘केप्ट वुमन’ आहेच, परंतु आपण विचारलेल्या चारही प्रयोगांची गोष्ट निराळी आहे. ‘दे लिव्ह्ड ओव्हर द ब्रश’ किंवा ‘दे शॅक्ड अप’ या वाक्यांचा कर्ता दोघे मिळून आहेत. बोल लागला तर तो दोघांना लागतो. भाषांतरात हा दोघांचा कर्ता हातातून निसटू देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शब्दाने न्यायालयातही केवढे वादळ उठते याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात ‘विवाहासारखे संबंध’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली वेलुसामी खटल्याच्या निकालात ‘कीप’ हा इंग्रजी शब्द वापरला. तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि एकविसाव्या शतकात सर्वोच्च न्यायालय एखाद्या स्त्रीबद्दल असा शब्द कसा वापरू शकते असा प्रश्न केला. मी तेव्हा नुकतीच वकिली सुरू केली होती. कनिष्ठ न्यायालयांतील अर्जांत ‘ठेवलेली’ हा शब्द तोवर मी सहज वाचून पुढे जात असे. त्या आक्षेपानंतर मी माझ्या एकाही अर्जात तो लिहिलेला नाही. ‘लिव्ह-इन’ हा शब्द या अर्थाने भारतीय इंग्रजीने रूढ केला, त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याने २०२५ पासून अशा संबंधांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा तो शब्द बोलीतून थेट कायद्यात जाऊन बसला आहे. पण १९३० च्या लँकेशायरमधील मावशीच्या अंगावर तो घालू नये.

माझी सूचना : ‘लग्न न लावताच त्यांनी संसार मांडला होता.’ संसार हा शब्द दोघांचा आहे आणि त्यात चूल, पोरेबाळे, आजारपण सारे येते.

प्रतिसाद : यारा नदीचा काठ

मेलबर्नहून थोडी भर घालतो. ऑस्ट्रेलियात ‘डी फॅक्टो’ (म्हणजे ‘प्रत्यक्षात’) हा कायद्यातील लॅटिन शब्द इतका रुळला आहे की लोक तो नाम म्हणून वापरतात, ‘माझा डी फॅक्टो’ असे सहज म्हणतात. २००९ पासून मालमत्तेच्या वाटणीत अशा जोडप्यांना जवळजवळ विवाहितांसारखे हक्क संघराज्याच्या कायद्याने मिळाले आहेत, सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या सहवासानंतर. जोडीदाराच्या व्हिसासाठी मात्र पैशाचे व्यवहार, घरातील कामांची वाटणी, समाजातील ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी या चार बाबींचे पुरावे द्यावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने वाणसामानाच्या दोन वर्षांच्या पावत्या एका खोक्यात जपून ठेवल्या होत्या. ‘शॅक्ड अप’ इथे मित्रमंडळींत बऱ्यापैकी हलकेपणाने बोलले जाते, वहीतल्या इतके ते टोचत नाही.

‘पार्टनर’बद्दल मात्र नव्याने येणाऱ्या मुलांना सावध करावेसे वाटते. पुण्याच्या वसतिगृहात चार वर्षे मी खोलीतल्या मित्राला पार्टनर म्हणत आलो. इथे आल्यावर भाड्याच्या घराच्या अर्जात मी त्याच मित्राला पार्टनर म्हणून नोंदवले, तेव्हा दलालाने आम्हाला मोठ्या पलंगाची एकच शयनगृह असलेली जागा अगत्याने दाखवली. त्याची चूक नव्हती. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ आता प्रथम जोडीदार असाच होतो आणि खोलीतल्या मित्राला ‘हाउसमेट’ म्हणतात.

प्रतिसाद : ओहायोचे खोरे

अमेरिकेतील शब्दांची एक बाजू राहिली आहे. ‘शॅकिंग अप’ इथे आजही पाद्र्यांच्या आणि आईवडिलांच्या तोंडी रागाचा शब्द आहे, तरुणांच्या तोंडी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जनगणना विभागाला अशी जोडपी मोजायची होती, तेव्हा ‘एकाच निवासात राहणाऱ्या भिन्नलिंगी व्यक्ती’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘पॉसलक्यू’ असा शब्द तयार झाला. तो काही वर्षे गमतीने लोकांच्या बोलण्यात आला आणि विरून गेला. चार्ल्स ऑसगुड या प्रसिद्ध निवेदकाने त्यावर प्रेमाची कविताही रचली होती. अभिनेते ली मार्व्हिन यांच्यावर त्यांच्याबरोबर राहिलेल्या मिशेल ट्रायोला यांनी खटला भरला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली त्यात निकाल दिला आणि त्या प्रकरणातून ‘पॅलिमनी’ हा शब्द जन्मला. पोटगीच्या ‘अॅलिमनी’त मित्राचा ‘पॅल’ मिसळून.

पेनाइनच्या पायथ्याशी यांचे कागद आणि गल्ली यांबद्दलचे म्हणणे मला मनापासून पटले, कारण फ्लोरिडाच्या कायद्यात अशा सहवासाला ‘ल्यूड अँड लॅसिव्हियस’, म्हणजे निर्लज्ज आणि कामासक्त, अशी विशेषणे होती आणि तो गुन्हा होता. हे कलम २०१६ साली रद्द झाले. मिशिगनमधील तसेच कलम तर २०२३ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते. रस्त्यावरचा कोणताही शब्द इतका कडवट नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कृष्णाकाठ (सातारा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पेनाइनच्या पायथ्याशी यांनी सांगितल्याप्रमाणे सुनेला विचारले. तिने मला वहीची चार पाने मागे उलटायला सांगितली. तिथे एक वाक्य होते, ते मी पूर्वीच भाषांतरित केले होते आणि विसरूनही गेले होते. मावशीच्या घरातील त्या माणसाची पहिली बायको १९२९ पासून वेड्यांच्या इस्पितळात होती आणि तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला भेटायला जात असे, मावशी त्याच्याबरोबर खाऊचा डबा देत असे. हा धागा मी मावशीच्या वाक्याला जोडलाच नव्हता. म्हणजे १९३८ पर्यंत त्या माणसाला बायकोच्या आजारपणावरून घटस्फोट मागण्याचा मार्गच नव्हता, आणि नंतर मार्ग झाला तरी त्याने तो घेतला नाही.

मावशीसाठी काळा डगला यांचे वाक्य जवळजवळ तसेच घेतले : ‘मावशीने आणि त्यांनी लग्न न लावताच संसार मांडला होता.’ ‘त्यांनी’ हा आदरार्थी शब्द मी मुद्दाम ठेवला आहे, आजींच्या लिहिण्यात त्या माणसाबद्दल आदर आहे म्हणून. कोळसावाल्यासाठी ‘दोघं बिनलग्नाचीच नांदत होती’ असे केले. नांदणे हा शब्द सासरी गेलेल्या मुलीचा, तो दोघांना लावल्यावर जो थोडा खडबडीतपणा येतो तो मला हवा होता. पाद्र्याच्या तोंडी ‘हे तुमचं राहणं देवाला मान्य नाही’ असे घातले. त्यात पाप हा शब्द नाही, पण निवाडा आहे. विधवेसाठी ‘तिच्याकडे एका अमेरिकन शिपायाने मुक्काम ठोकला होता’ असे लिहिले होते, परंतु दोघांच्या कर्त्याबद्दलचा आग्रह वाचून ते बदलले : ‘ती आणि एक अमेरिकन शिपाई बिऱ्हाड करून राहिली होती.’ आणि मुलगा व सून यांच्यासाठी आजींच्या वाक्याइतकेच साधे : ‘ती दोघं एकत्र राहायला लागली.’

काल दुपारी ते पान सासूबाईंना वाचून दाखवले. मावशीच्या वाक्याशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, “त्याची पहिली हयात होती का?” मी इस्पितळाची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या आळीत होती अशी एक. लोक काय काय म्हणायचे, आम्ही पोरं तिला काकीच म्हणायचो.” शेवटचे पान वाचताना माझा आवाज थोडा अडखळला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “ऐकलं मी. पुढं वाच.”